परळ गांवच्या पायवाटा

करी रोड स्थानकाला ज्याचें नांव दिलें गेलें तो इंग्रज गृहस्थ या रुळांवर धांवणाऱ्या रेल्वेचा चाकर नव्हताच. करी हा १८६५ ते १८७५ या दशकांत बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वज कंपनीचा, एजंट होता. आणि हें स्थानक तर ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीच्या, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या, मार्गावर आहे. कालवणाशीं किंवा मसाल्याशीं या नांवाचा कांहीं एक संबंध नाहीं, हें नव्यानें मुंबईंत येणाऱ्या पाहुण्यांस सांगतां सांगतां येथील रहिवासी कंटाळून गेले असतील. २०२४ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें या स्थानकाचें नांव लालबाग असें ठेवावें असा ठराव केला. त्या वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. परंतु जें नांव सुचविलें गेलें त्याकडे वाचकांनीं क्षणभर थांबून पहावें. लालबाग ही एक बाग आहे. तिच्या उत्तरेस सुपारीबाग आहे, दक्षिणेस चिंचपोकळी आहे. आणि परळ या नांवाची व्युत्पत्ति सांगतांना कोणी परळी वैजनाथाच्या नांवाकडे बोट दाखवितात, तर कोणी पाडळीच्या झाडाकडे. ज्या भागास गिरण्यांच्या धुरामुळें ‘गिरणगांव’ म्हणून सारा महाराष्ट्र ओळखतो, त्या भागांतील जुनीं नांवें अशीं झाडांचीं व बागांचीं आहेत. या धुराखालीं एक गांव होतें. आणि आमचें म्हणणें असें कीं, तें अद्यापि पायीं हिंडून पाहतां येतें.

युरोपांत, विशेषतः फ्रान्समध्यें, खेड्यापाड्यांतून हिंडण्याची एक रीत रूढ आहे. गांवचें जुनें चर्च, सरदाराची गढी, बायकांचा धुणें धुण्याचा सार्वजनिक हौद, यांना जोडणाऱ्या पायवाटा तेथें आखलेल्या असतात. १९४७ पासून तर दूरदूरच्या वाटांवर झाडांच्या बुंध्यांवर व दगडांवर पांढरे-तांबडे पट्टे ओढून ठेवण्याची पद्धत पडली आहे, आणि त्या पट्ट्यांच्या आधारें परका मनुष्यही कोणास न विचारतां चालूं शकतो. परळास असे पट्टे कोणी ओढलेले नाहींत. परंतु देऊळ, मठ, गव्हर्नराचा वाडा आणि खाडीवरचा किल्ला, हीं सर्व येथें आहेत, व तींही एका सकाळच्या पायपिटीच्या आंत आहेत. न्यून आहे तें केवळ पाहणाऱ्यांचें.

मुंबई ज्या सात बेटांची झाली त्यांपैकीं परळ हें एक बेट. इ. स. १५३४ मध्यें गुजराथच्या बहादुरशहाकडून हीं बेटें पोर्तुगीजांकडे गेलीं, १६६१ च्या विवाहकरारानें इंग्लंडच्या राजाच्या वांट्याला आलीं, आणि १६६८ मध्यें त्यानें तीं वर्षाकाठीं दहा पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकलीं. ही हकीकत शाळेंतील मुलांसही ठाऊक असते. परंतु त्या वेळीं परळच्या पश्चिमेस भरतीचें पाणी आंत शिरून दलदल माजत असे, हें मात्र आजच्या लोअर परळच्या कांचेच्या इमारतींकडे पाहून कोणास खरें वाटणार नाहीं. महालक्ष्मीजवळ समुद्राचें तोंड बांधून काढण्याचें काम अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकीर्दींत झालें. हाच हॉर्नबी परळच्या वाड्यांत राहावयास आलेला पहिला गव्हर्नर होय. त्या वाड्याकडे आपण पुढें वळूंच.

स्थानकाबाहेर पडतांच प्रथम भेटतो तो पूल. करी रोडचा हा पादचारी पूल लष्करी अभियंत्यांनीं २०१८ सालीं उभारला. नागरी रेल्वेचा पूल बांधण्यास सैन्य कां बोलवावें लागलें, याचें कारण जवळच आहे. २९ सप्टेंबर १९१७ नव्हे, २०१७ ची ती सकाळ. त्या काळच्या पारतंत्र्याकडे बोट दाखवून मोकळें होतां येण्यासारखी ती गोष्ट नाहीं. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर त्या दिवशीं चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें मेलीं. गिरण्यांच्या काळीं या भागांतील कामगार बहुधा चालत कामावर जात, कारण त्यांची चाळ गिरणीच्या भोंग्याच्या हाकेंत असे. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागीं कचेऱ्या आल्या, आणि कचेऱ्यांतील माणसें मात्र रोज दुरून गाडीनें येऊं लागलीं. जमिनीचा उपयोग बदलला. जिने तेवढेच राहिले.

गिरण्यांची कथा येथें विस्तारानें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. १८५४ मध्यें कावसजी दावर यांनीं ताडदेव येथें पहिली कापडगिरणी काढण्याचा उद्योग आरंभला. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाच्या व्यापारानें मुंबईंत पैसा खेळला. आणि पुढील अर्ध्या शतकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी येथील वाड्या-बागा एकामागून एक गिरण्यांच्या आवारांत गडप झाल्या. रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतून माणसें आलीं तीं मात्र आपलें गांव बरोबर घेऊन आलीं. गांवकऱ्यांच्या खोल्या, खानावळी, भजनी मंडळें, नमन आणि दशावतार हें सर्व त्या आवारांभोंवतीं वसलें. सप्टेंबर १८८४ मध्यें नारायण मेघाजी लोखंडे यांनीं कामगारांची जी सभा भरविली ती सुपारीबागेंत. आठवड्यास एक दिवस सुटी असावी, ही मागणी आज किती साधी वाटते! ती मान्य होण्यास १८९० साल उजाडावें लागलें. रविवारीं सकाळीं सहल करण्यास निघणाऱ्या आमच्यासारख्या मनुष्यानें सुपारीबागेवरून जातांना एवढें स्मरण ठेवण्यास हरकत नाहीं.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगारांनीं संप पुकारला. तो रीतसर मागें घेतला गेलाच नाहीं. तो विरून गेला, आणि त्याबरोबर गिरण्याही विरल्या. यापुढील भाग पाहण्यासाठीं किल्ल्यावर चढण्याची जरूर नाहीं, पण कायद्याचें एक कलम वाचावें लागतें. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींत असें ठरलें होतें कीं, गिरणीची जमीन विकासास काढली तर तिचे तीन वांटे व्हावे: एक मोकळ्या जागेसाठीं महापालिकेस, एक सार्वजनिक घरबांधणीसाठीं, आणि उरलेला मालकास. २००१ मध्यें या नियमांत असा बदल झाला कीं, ही वांटणी केवळ जेथें इमारत उभी नाहीं अशा मोकळ्या जमिनीपुरतीच राहिली. गिरणीचें आवार म्हणजे बहुतेक सर्व बांधलेलेंच. त्यामुळें वांटून देण्यास उरलें तें थोडेंसें अंगण. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें व २००६ मध्यें नवा नियम कायम झाला. ज्या भागाच्या प्रत्येक मोहल्ल्याच्या नांवांत बाग आहे, त्याला शंभर वर्षांनंतर पुन्हा बागा मिळण्याची जी एकमेव संधि आली होती ती एका शब्दाच्या अर्थावर निसटली. आमच्या मतें परळच्या इतिहासांतील ही घटना पोर्तुगीजांच्या जाण्यायेण्याहून लहान नाहीं. फिनिक्स गिरणीच्या जागीं झालेल्या मॉलमध्यें तिची जुनी चिमणी तेवढी शोभेसाठीं राखली आहे. खालीं माणसें खरेदी करीत असतात. वर पाहणारा विरळा.

असो. आतां लालबागेंतून उत्तरेकडे वळावें. चिंचपोकळीचा गणपति १९२० पासूनचा, गणेशगल्लीचा १९२८ पासूनचा, आणि ज्याच्या दर्शनाला आज लाखों लोक रांगा लावतात तो लालबागचा राजा १९३४ पासूनचा. या शेवटच्या गणपतीचें मूळ एका बाजारांत आहे. पेरू चाळ येथील बाजार बंद पडला तेव्हां उघड्यावर बसणाऱ्या कोळणींनीं व किरकोळ व्यापाऱ्यांनीं नवी जागा मिळावी म्हणून नवस केला, आणि जागा मिळाल्यावर तो फेडला. पुन्हा एकदां जागेचाच प्रश्न. मात्र या खेपेस निकाल गरिबांच्या बाजूनें लागला.

परळ नाक्यावरून पूर्वेकडे आचार्य दोंदे मार्गानें चालूं लागलें म्हणजे रस्त्याचें स्वरूप पालटतें. इस्पितळांच्या इमारती, फुटपाथवर पथारी पसरून बसलेले परगांवचे रोगी व त्यांचे नातलग, औषधांचीं दुकानें. १९२६ सालीं सुरू झालेलें के. ई. एम. आणि १९४१ सालीं उघडलेलें टाटा स्मारक रुग्णालय हीं दोन्हीं येथेंच आहेत. त्यांच्याच शेजारीं झाडींत एक जुनी, दगडी कमानींची वास्तु उभी आहे. ती हाफकिन संस्था. मुंबईंतील कोणत्याही एका वास्तूनें इतकीं स्थित्यंतरें पाहिलीं असतील असें आम्हांस वाटत नाहीं.

प्रथम हा पोर्तुगीज मिशनऱ्यांचा मठ होता व त्यास लागून प्रार्थनागृह होतें. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्रजांनीं तो ताब्यांत घेतला. हॉर्नबीनें तेथें बिऱ्हाड केलें. आणि प्रार्थनागृहाचा भाग मेजवानीचें दालन बनला. पुढें माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें दोहों बाजूंस पाखें काढून वाडा वाढविला. याच वाड्यांत २६ नोव्हेंबर १८०४ रोजीं, मुंबईचा रेकॉर्डर सर जेम्स मॅकिंटॉश यानें कांहीं विद्याप्रेमी मंडळी जमवून ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन केली. तीच आजची एशियाटिक सोसायटी. टाउन हॉलच्या पायऱ्या चढून जो कोणी जुने ग्रंथ चाळावयास जातो, त्याच्या ग्रंथालयाचें जन्मस्थान परळ आहे हें त्यास क्वचितच ठाऊक असतें.

१८७५ मध्यें इंग्लंडचा युवराज या वाड्यांत उतरला होता. त्यानंतर सात वर्षांनीं, १८८२ मध्यें, गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन याची पत्नी पटकीनें वारली, आणि लौकरच गव्हर्नरांनीं परळ सोडून मलबार पॉइंटचा आश्रय केला. गिरण्यांचा धूर व भोंवतालची दाट वस्ती हींही कारणें होतींच. पैसा जेथून मिळत होता तेथें राहणें मात्र नकोसें झालें, ही गोष्ट केवळ परळचीच नव्हे. मँचेस्टरचे गिरणीमालकही असेच गांवाबाहेर राहावयास गेले होते.

रिकाम्या वाड्याला नवा धनी मिळाला तो एका साथीमुळें. १८९६ च्या शरदांत मुंबईंत ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, फैलावला. रशियाच्या साम्राज्यांत जन्मलेला वाल्डेमार हाफकिन हा ज्यू शास्त्रज्ञ त्यासाठीं मुंबईस आला, आणि तीन महिन्यांच्या आंत त्यानें लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. १८९९ मध्यें त्याची प्रयोगशाळा परळच्या वाड्यांत आली. तीन वर्षांनीं पंजाबांतील मलकोवाल या खेड्यांत लस टोंचलेलीं एकोणीस माणसें धनुर्वातानें मेलीं, ठपका हाफकिनवर आला, व त्यास कामावरून दूर करण्यांत आलें. दोष लशीच्या सिद्धतेंत नसून ती बाटली उघडतांना तेथेंच घडलेल्या हयगयींत होता, असें तज्ज्ञांनीं दाखवून दिल्यावर १९०७ मध्यें तो आरोपमुक्त झाला. परंतु परळच्या प्रयोगशाळेचें आधिपत्य त्यास पुन्हा मिळालें नाहीं. संस्थेस त्याचें नांव मिळालें तें १९२५ मध्यें. मठ, मेजवानीचें दालन, विद्वत्सभा, युवराजाचा मुक्काम, लशीचा कारखाना, हें सर्व एकाच भिंतींच्या आंत घडलें, आणि म्हणूनच त्या भिंती उभ्या राहिल्या. कोणाला ना कोणाला त्यांची सतत गरज होती. गिरणीच्या भिंतींना असा दुसरा धनी मिळाला नाहीं.

याच वाड्याच्या परिसरांत एक शिलालेख सांपडला, व आमच्या दृष्टीनें परळचें खरें वैभव तोच आहे. तो उत्तर कोंकणच्या शिलाहार राजा अपरादित्य याचा, इ. स. ११८७ चा. दर्भावतीच्या वैद्यनाथ देवाच्या पूजेसाठीं राजानें षट्षष्टि, म्हणजे साष्टी, प्रांतांतील महावली गांवच्या एका बागेचें ठरलेलें उत्पन्न, चोवीस द्रम्म, लावून दिल्याचा त्यांत उल्लेख आहे. दर्भावती म्हणजे गुजराथेंतील डभोई, असें अभ्यासक मानतात. आणि महावली म्हणजे कुर्ल्याच्या बाजूचें गांव. परळच्या मातींतून निघालेला हा जुना दगड पहा: त्यावर लढाई नाहीं, दिग्विजय नाहीं, आहे ती एका बागेची नोंद. दानपत्राचा मुख्य भाग संस्कृतांत आहे. परंतु दान मोडणाऱ्यास शाप देण्याची वेळ आली तेव्हां लेखक संस्कृत सोडून मराठीवर आला. तो शाप गधेगाळीच्या जातीचा आहे. सभ्य गृहस्थानें घरांत मोठ्यानें वाचून दाखविण्यासारखा तो नाहीं, म्हणून आम्ही तो येथें उतरून घेत नाहीं. मराठीचा हा पहिलावहिला लेख नव्हे. अलिबागेजवळील आक्षीचा लेख त्याहून पावणेदोनशें वर्षांनीं जुना आहे. तरीही ज्ञानेश्वरीच्या आधीं शंभर वर्षें या बेटावर मराठी कळणारीं माणसें होतीं, आणि शाप त्यांना नीट कळावा म्हणून तो त्यांच्या भाषेंत कोरणें राजास आवश्यक वाटलें, हा पुरावा लहान नाहीं. मुंबई मूळची कोणाची या विषयावर आवेशानें बोलणाऱ्यांपैकीं किती जणांनीं या दगडाची वास्तपुस्त केली असेल, अशी शंका आमच्या मनांत येते. जमिनीचें दान मोडून खाणाऱ्यांना उद्देशून लिहिलेला तो शाप आहे, हेंही सहज लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

येथून परळ गांवांत शिरावें. ‘परळ व्हिलेज’ हें नांव टपालाच्या पत्त्यांत आजही चालतें. गल्ल्या अरुंद होतात, आणि त्या वळणांत बारादेवीचें देऊळ लागतें. १९३१ सालीं या भागांत रस्त्याचें खोदकाम चाललें असतां एक अखंड शिळा उघडी पडली. तिच्यावर शिवाचें असें रूप कोरलेलें होतें कीं, तसें दुसरें भारतांत कोठेंही पाहावयास मिळत नाहीं. मध्यभागीं शिव उभा आहे. त्याच्या मागून, जणू खांद्यांतून, दुसरा वर उमलला आहे. त्याच्याही वर तिसरा, अनेक हातांचा, हात पंख्यासारखे पसरून. या मधल्या तिघांच्या अंगांतून डावी-उजवीकडे दोन दोन मूर्ति फांद्यांप्रमाणें बाहेर झुकल्या आहेत. अशीं सात रूपें एकाच देहांतून फुटलेलीं. पायथ्याशीं गण वाद्यें वाजवीत आहेत. त्यांवरून कोणी या सात मूर्तींचा संबंध सात स्वरांशीं जोडतात. काल पांचव्या-सहाव्या शतकाचा. मूर्ति घडविणाऱ्यानें दगडाचा एक झाडासारखा वाढता आकार मनांत धरला होता असें आम्हांस प्रत्येक वेळीं वाटतें. आणि अंगावर एकही दागिना अधिक न घालतां, केवळ श्वास भरून घेतलेल्या छातीच्या गोलाईनें, त्यानें दगडांत जीव ओतला आहे.

हें शिल्प केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत मोडतें. त्याची प्रतिकृति फोर्टमधील वस्तुसंग्रहालयांत आहे, आणि परदेशी विद्वान बहुधा तीच पाहतात. मूळ शिळा बारादेवीच्या आवारांत एका स्वतंत्र खोलींत आहे. गांवकऱ्यांनीं ती सोडली नाहीं, तिची पूजा चालू ठेवली. शास्त्रज्ञांस हें रुचत नाहीं, कारण खोलीची रुंदी पुरेशी नसल्यामुळें मागें सरून संपूर्ण मूर्ति नजरेंत घेतां येत नाहीं, व पूजाद्रव्यांचा दगडास उपसर्ग पोंचण्याची भीति असते. दोन्ही आक्षेप खरे आहेत. परंतु संग्रहालयांतील प्रतिकृतीपुढें उभे असतां आम्हांस कधींही जोडे काढावेसे वाटले नाहींत, हेंही तितकेंच खरें आहे. मूर्ति परळांत राहावी, आणि खोली मात्र मोठी व्हावी, असें आमचें मत.

देवळाहून आणखी पूर्वेस गेलें कीं शिवडी. येथील छोटा किल्ला इंग्रजांनीं १६८० मध्यें बांधला. त्याचा उपयोग कितपत झाला हें सांगणें त्यांना अवघडच जाई. कारण नऊ वर्षांनींच, १६८९ मध्यें, जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानानें नेमका शिवडीसच आपला तळ उतरविला, आणि मुंबई बेटाचा बराच भाग वर्षाहून अधिक काळ त्याच्या हातांत राहिला. तटावर उभे राहिलें असतां समोर चिखलाचें सपाट मैदान व त्यापलीकडे बंदराचें पाणी दिसतें. जानेवारी २०२४ मध्यें वाहतुकीस खुला झालेला न्हावाशेव्याकडील सागरी सेतु येथूनच निघतो. निरभ्र दिवशीं दक्षिणेच्या अंगास घारापुरीचे डोंगर ओळखूं येतात. बारादेवीची शिळा घडविणारे हात आणि घारापुरीचीं लेणीं खोदणारे हात एकाच परंपरेंतले, फार तर एक-दोन पिढ्यांच्या अंतराचे. मधें एवढें हें पाणी. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनीं त्या बेटास एलिफंटा म्हटलें, तो हत्तीही आतां या बाजूस, भायखळ्यास जिजामाता उद्यानाच्या आवारांत येऊन उभा आहे.

हिवाळ्याच्या आरंभापासून उन्हाळ्यापर्यंत या चिखलांत रोहित पक्षी उतरतात. ते पाहावयाचे असतील तर भरती-ओहोटीचें वेळापत्रक आधीं पाहून करी रोडहून निघावें, व ओहोटी लागावयाच्या सुमारास शिवडीस पोंचेल अशा बेतानें बारादेवीस वाटेंत अर्धा तास ठेवावा.